तात्यांनी दाखवलेलं बेट

माझे मेव्हणे तात्या माझ्या घरी आले की मला माझं घर दाखवतात.

तुम्ही वाचताना चुकला नाहीत. घर माझं, विजेचं बिल माझ्या नावावर, भिंतीतले वाकडे खिळे मी ठोकलेले, पण तात्या दारात चपला काढतात, माझा दंड धरतात आणि म्हणतात, "दाजी, हिकडं या. हे बघा." मग मला गॅलरीत नेऊन सांगतात, "हितनं वारा येतो." तिथून स्वयंपाकघरात नेतात आणि सांगतात, "हितं मंदी सैपाक करती." मंदी म्हणजे मंदा, तात्यांची धाकटी बहीण आणि माझी बायको. ती त्या वेळी तिथेच पोळ्या लाटत उभी असते. भावानं दाखवून दिल्यावर मीही मान डोलावतो.

एकदा मी चिडून म्हटलं, "अहो तात्या, हा गीझर मीच बसवून घेतलाय." तात्या शांतपणे म्हणाले, "असू द्या की. आधी बघून घ्या, मग बोलू."

'आधी बघून घ्या, मग बोलू' हे तात्यांचं सूत्र. त्यातलं 'आधी' मी शेकडो वेळा अनुभवलं. 'मग' मात्र लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी माझ्या वाट्याला आलं नव्हतं.

तात्या मुळशीतल्या घोटावड्याचे. चांगलं शेतकरी घर. काही जमीन कारखान्यांना गेली, उरलेलीत इंद्रायणी भात होतो, आणि रस्त्याकडेला खोल्या काढून त्या कंपनीतल्या पोरांना भाड्यानं दिल्यात. पाहुणा आला की त्याला विहीर, गोठा, खाचरं दाखवायची रीत त्या भागात आहेच. पण बाकीचे लोक आधी पाहुण्याला बसवतात, पाणी देतात. तात्या बसवत नाहीत. बसलेला माणूस बोलायला लागतो, असा त्यांचा अनुभव आहे.

म्हणून गाडीतून उतरल्या उतरल्या फेरी सुरू होते. विहीर. विहिरीवरची मोटर. मोटरीचं बटण. बटण दाबल्यावर येणारं पाणी. म्हशी, त्यांच्या नावांसह आणि स्वभावासह. मग भाड्याच्या खोल्या. तात्या बिनधास्त दार ढकलतात आणि आत चादर ओढून झोपलेल्या पोराकडे बोट करून सांगतात, "ह्यो ओडिशाचा. रातपाळी असती. झोपलाय." आपण आत डोकावतो, तो पोरगा चादरीतून एक डोळा उघडून आपल्याला बघतो, आणि दोन्हीकडून बघून झालं की दार बंद होतं. एकदा पौडहून एक माणूस मयतीचा निरोप घेऊन आला होता. त्याला निरोप सांगायला मिळाला तो गोबरगॅस बघून झाल्यावर. तोपर्यंत बिचाऱ्याच्या तोंडावरचं दुःख पार उतरून गेलं होतं.

या फेरीची शेवटची दोन ठिकाणं ठरलेली. पहिलं गच्ची. तिथं खांबांच्या सळया हातभर वर काढून ठेवल्यात, पुढच्या मजल्यासाठी. त्यावर हात ठेवून तात्या म्हणतात, "ह्यावर अश्विनीचा मजला." आणि दुसरं, तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला शटरच्या दोन खोल्या. अर्ध्या भिंतीपर्यंत पांढऱ्या फरशा, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन, भिंतीला लागून एक लांब बाकडं. तात्या शटर वर ढकलतात आणि आवाज थोडा खाली आणतात, देवळात आणावा तसा. "हितं चपला काढत्याल. हितं पेशंट बसत्याल. हितं अश्विनी." नळ सोडून दाखवतात. "पानी बी हाय."

अश्विनी म्हणजे तात्यांची एकुलती एक लेक. हुशार पोरगी. तिला इथं डॉक्टरीला जागा मिळाली नाही. मग कुणीतरी सांगितलं, कॅरिबियनमध्ये एका बेटावर मेडिकल कॉलेज आहे, आपल्याकडची बरीच मुलं जातात. तात्यांनी नकाशा मागवला, बेट बघितलं, ते नकाशावर एवढं बारीक होतं की त्यांनी नखानं खरवडून पाहिलं, घाण आहे की काय म्हणून. पण पाठवली. त्या बेटाचं नाव त्यांच्या जिभेवर कधी बसलं नाही. त्यांनी त्याचं साधं नाव ठेवलं, 'अश्विनीचं गाव'. "अश्विनीच्या गावाला आज पाऊस हाय," असं ते घोटावडे फाट्यावर उभे राहून लोकांना सांगायचे, आणि लोकांना ते लवळ्याच्या पलीकडं कुठंतरी असावं असं वाटायचं.

आता मुद्द्याचं. अश्विनीचं तिथलं शिक्षण संपत आलं तेव्हा एके दिवशी तिनं मंदाला फोन केला आणि फोनवर रडली. पुढचं प्रशिक्षण अमेरिकेतल्या रुग्णालयात होतं. नंतर तिला तिथेच राहायचं होतं, लहान मुलांची डॉक्टर व्हायचं होतं. घोटावड्याला परत यायचं नव्हतं. "आत्या, तात्यांना कसं सांगू? मी फोन केला की ते मला दवाखानाच दाखवतात. परवा बेसिनचा नळ दाखवला. बोलूच देत नाहीत."

मंदानं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ मला लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून कळतो.

तात्या लेकीला भेटायला जाणारच होते. वहिनी जाणार नव्हत्या, कारण म्हशी दुसऱ्याच्या हाताला दूध देत नाहीत. मंदा म्हणाली, "तुम्ही जा दादाबरोबर. तुमचं इंग्रजी आहे. आणि एकटा सोडलात तर तो पायलटला विमान दाखवत बसेल. तिथं गेलात की दोघांना एका जागी बसवा आणि पोरीला बोलू द्या. एवढं एक काम करा." निघताना वहिनींनी डबा दिला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तितं तरी वाईच तोंड मिटा."

पायलटपर्यंत तात्या पोचले नाहीत. पण विमानात हवाईसुंदरी उभी राहून पट्टा कसा लावायचा, दारं कुठं आहेत, हे सांगायला लागली तेव्हा शेजारची सीट रिकामी दिसली म्हणून मी दचकलो. तात्या धोतर-टोपीत मागच्या रांगांकडे तोंड करून उभे होते. ती मुलगी इंग्रजीतून दारं दाखवत होती, तात्या मराठीतून. मागे एकही मराठी माणूस नव्हता, पण सगळे तात्यांकडेच बघत होते. तिनं त्यांना हात जोडून बसवलं. बसता बसता ते मला म्हणाले, "पोरगी चांगली सांगतीया, पर हात आखडता घेतीया."

अश्विनीच्या गावाला उतरलो. निळा समुद्र, हिरवे डोंगर, उकाडा. ती विमानतळावर आली होती. बापाच्या पाया पडली, बापानं डोक्यावर हात ठेवला, आणि दुसऱ्याच क्षणी तिचा दंड धरून, "हे बघ, हितं पट्ट्यावर सामान येतं," म्हणून तिला तिच्याच बेटावरचा विमानतळ दाखवायला लागले. तिनं माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनीच म्हटलं, थांब, मी काहीतरी करतो.

मी काय केलं, तर दिवसभराची खासगी सहल ठरवली. एक गाडी, एक चालक, आम्ही तिघं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत बेटदर्शन. माझा हिशेब असा की गाडीत तात्यांना बसावंच लागेल. दाखवायचं काम चालक करेल, त्याचे त्याला पैसेच मिळतात. तात्यांना दाखवायला काही उरणार नाही, कारण त्यांनी हे बेट जन्मात पाहिलेलं नाही. मग ते गप्प होतील आणि पोरीला बोलता येईल. बँकेत सगळी नोकरी केलेल्या माणसाचा हिशेब होता. चुकायला नको होता.

सकाळी गाडी आली. चालकाचं नाव क्लेमंट. वय तात्यांएवढंच. अंगानं भरलेला, इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर गवती टोपी. त्यानं उतरून अश्विनीसाठी दार उघडलं आणि दार उघडता उघडताच बोलायला सुरुवात केली. हे झाड अमुक, ते फूल तमुक, समोर दिसतंय ते चर्च. हा माणूस मी ओळखला. हा घोटावड्याचाच माणूस होता, फक्त जन्माला चुकीच्या समुद्राकाठी आला होता.

तात्या पुढच्या सीटवर बसले. गाडी सुटली. क्लेमंट म्हणाला, उजवीकडे बघा, नारळाची बाग. तात्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मराठीत म्हणाले, "क्लेमंटराव, ह्यो बघा नारळ. झाडाला लागतो." क्लेमंटचा जन्म नारळाखाली गेलेला. मुळशीत नारळ शोधावा लागतो. तरीही तात्यांनी त्याला नारळ दाखवला, आत पाणी असतं हे हातानं ओतून सांगितलं, आणि क्लेमंटनं मान डोलावून "येस सर, येस सर" म्हटलं. मग क्लेमंटनं डावीकडे केळी दाखवल्या, तात्यांनी उजवीकडे गवत दाखवलं. मी आणि अश्विनी मागे बसून दोन्हीकडे माना वळवत होतो. थोड्या वेळानं माझी मान धरली.

सुरुवातीला मी भाषांतर करत होतो. तात्या म्हणाले, "त्यास्नी सांगा, ह्यो रस्ता हिंजवडीपेक्षा बरा हाय. तितं कंपनीच्या गाड्या अडकल्या की मानूस गाडीतच म्हातारा हुतो." मी सांगितलं. क्लेमंट म्हणाला, इथंही बंदरात मोठी जहाजं लागली की तसंच होतं. तात्या खूश. पुढं धबधबा आला. तिकीट काढून, पायऱ्या उतरून आम्ही तो बघितला. क्लेमंटनं हात पसरून त्याची उंची सांगितली. तात्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून तो खालपासून वरपर्यंत बघितला आणि म्हणाले, "आमच्या ताम्हिनीत असलं पानी रस्त्यावर पडतं. वायपर लावून पुढं जायचं." हे भाषांतर मी गाळलं. पण क्लेमंटला ते बरोबर कळलं असावं, कारण त्यानंतर तो थोडा हट्टाला पेटला. जुना किल्ला, तोफा, गरम पाण्याचं कुंड, साखरेचा पडका कारखाना, एकामागून एक दाखवत सुटला. साखरेच्या कारखान्यात तर तात्यांनी त्याला कडेला घेऊन गुऱ्हाळ कसं चालतं ते दाखवलं. स्वतः बैल झाले आणि दगडी घाण्याभोवती एक फेरी मारली. तिथं आलेल्या दुसऱ्या सहलीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्यातल्या एकीनं त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतला.

आणि पोरगी? दर ठिकाणी गाडीत बसताना ती तोंड उघडायची. "तात्या, मला तुमच्याशी..." "आधी बघून घे बाळा, मग बोलू." ती खिडकीकडे तोंड करायची. तिच्या हातातला रुमाल पिळून पिळून दोरी झाला होता. मला तात्यांचा संताप आला, खरं सांगतो. मनात म्हटलं, अरे माणसा, तुझी लेक मागे बसलीय, तिच्याकडे बघ ना एकदा! आख्खं बेट बघतोस!

दुपारी क्लेमंट म्हणाला, आता जेवण माझ्या घरी. सहलीत तसं धरलेलंच होतं, स्थानिक घरी भोजन. त्याचं घर डोंगराच्या उतारावर, गुलाबी रंगाचं. दारात त्याची बायको पाण्याचे पेले घेऊन उभी होती. तात्यांनी पेल्याकडे हात नेला, तेवढ्यात क्लेमंटनं त्यांचा दंड धरला.

"कम," तो म्हणाला. "फर्स्ट यू सी."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं. तात्यांनी मला हातानं थांबवलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी आलं होतं. "कळलं," ते म्हणाले. "ह्या घराला रीत हाय."

मग क्लेमंटनं दाखवलं. पाण्याची टाकी. टाकीचा नळ. नळाचं पाणी. बांधलेल्या शेळ्या, त्यांच्या नावांसह. आंब्याचं झाड. माणूस न्हाणीघरसुद्धा सोडेना. आणि आमचे तात्या, हात पाठीमागे बांधून, टोपी सावरून, त्याच्या मागून चालत होते आणि दर वस्तूपुढं थांबून मान डोलावत होते. एक शब्द नाही. अश्विनी माझ्या कानात कुजबुजली, "मामा, तात्यांना बरं नाही का?"

शेवटी आम्ही गच्चीवर गेलो. आणि तिथं, समुद्राच्या बाजूला, खांबांच्या सळया हातभर वर निघालेल्या होत्या. लाल रंग दिलेल्या.

तात्या थांबले. बराच वेळ त्या सळयांकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "दाजी, इचारा त्यास्नी. कुनाचा मजला?"

मी विचारलं. क्लेमंट म्हणाला, मुलाचा. मुलगा कॅनडात असतो, बर्फात बस चालवतो. तिकडेच लग्न केलं, दोन मुलं आहेत, मोठी गोड आहेत.

"कवा येनार हाय?"

मी तेही विचारलं. क्लेमंट हसला. दर रविवारी फोन करतो म्हणाला. दर रविवारी म्हणतो, पुढच्या वर्षी. मग त्यानं एका सळईवर हात फिरवला आणि म्हणाला, समुद्राची हवा लोखंड खाते, म्हणून मी दर वर्षी रंग देतो. गंजायला नकोत ना. कधी आलाच तर.

मी शब्दाला शब्द ठेवून सांगितलं. तात्यांनीही एक सळई धरली. दोघं म्हातारे एकेक सळई धरून उभे होते आणि खाली क्लेमंटची बायको जेवायला हाका मारत होती. मग तात्यांनी पिशवीतून टॉवेल-टोपी काढली. ती त्यांनी घोटावड्याहून अश्विनीच्या कॉलेजच्या मुख्य माणसासाठी आणली होती. क्लेमंटची गवती टोपी उतरवून त्यांनी त्याच्या डोक्यावर पांढरी टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, आणि हात जोडले. क्लेमंटला काय चाललंय ते माहीत नव्हतं, पण सत्कार चाललाय एवढं त्याला कळलं. तो ताठ उभा राहिला.

जेवून निघालो. क्लेमंटनं ती टोपी तशीच ठेवून गाडी चालवली. शेवटचं ठिकाण बेटाचं उंच टोक होतं, जिथून चहूकडे पाणी दिसतं. आम्ही उतरलो. क्लेमंटनं सवयीनं हात वर केला, पण तो लगेच खाली घेतला, कारण तात्यांनी अश्विनीचा दंड धरला होता.

"हिकडं ये," तात्या म्हणाले. "हे बघ."

आलं पुन्हा, मी मनात म्हटलं. आता समुद्र दाखवणार.

"ह्यो समुद्र," तात्या म्हणाले. "क्लेमंटराव, अमेरिका कुटल्या अंगाला?"

अमेरिका एवढा शब्द क्लेमंटला पुरला. त्यानं वायव्येकडे बोट केलं. तात्यांनी त्याच्या बोटाशेजारी आपलं बोट धरलं.

"ती बघ, तितं. पान्याच्या पल्याड. हितनं जवळ पडती. घोटावड्यावरनं लई लांब हाय. तितनं जाया मानसाला जड जातं. तू हितनंच जा."

अश्विनी त्यांच्याकडे वळली. "तात्या, तुम्हाला कुणी..."

"मंदीनं. आनि कोन सांगनार? तुजा फोन झाला, त्याच दिवशी मला केला. तिच्या पोटात काय ऱ्हातंय व्हय?"

मी समुद्राकडे बघितलं. म्हणजे मला ज्या कामावर पाठवलं होतं, ते मंदानं मला पाठवायच्या आधीच उरकलं होतं! विमान, भाषांतर, मान धरणं, सगळं फुकट. घरी गेल्यावर तिच्याशी बोलायचं मी तिथंच ठरवलं. घरी गेल्यावर बोललो नाही, ते वेगळं.

"मग एवढे दिवस तुम्ही मला दवाखाना का दाखवत होतात?" अश्विनी म्हणाली. आता ती सरळ रडत होती. "निघायच्या आधीसुद्धा नळ दाखवला तुम्ही."

तात्या गोंधळले. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. "तू बोलाया लागलीस की मला कळायचं, आता सांगनार. मग मी दाखवाया लागायचो," ते म्हणाले. "बघत असतीस तवर तू हाय असं वाटायचं."

ती त्यांच्या गळ्यात पडली. आपल्याकडच्या बहुतेक बापांप्रमाणे तात्यांनाही लेकीला जवळ घ्यायची सवय नाही. त्यांचे दोन्ही हात थोडा वेळ हवेतच राहिले. मग एक हात तिच्या डोक्यावर आला. दुसऱ्या हातानं त्यांनी क्लेमंटला आणि मला खूण केली आणि म्हणाले, "तुमी तिकडचे ढग बघा." आम्ही दोघं निमूटपणे ढग बघायला लागलो. क्लेमंटनं नव्या टॉवेलनं डोळे पुसले. मी माझा रुमाल वापरला.

परतीच्या वाटेवर सहलीचा वेळ संपला होता, पण क्लेमंट म्हणाला, संपू दे. अश्विनी पुढच्या सीटवर बसली आणि तिनं दाखवलं. हे माझं कॉलेज. ही माझी खोली, वरची खिडकी. हा बाक, परीक्षेच्या आधी मी इथं बसते. ही मावशी भाजलेलं कणीस देते, आपल्यासारखं लिंबू-तिखट लावायला मी तिला शिकवलंय. तात्या मागे माझ्याशेजारी बसले होते. काचेला नाक लावून. मधूनच विचारायचे, "आनि हे?" आणि ती सांगायची. "आनि हे काय?" आणि ती सांगायची. मी त्यांच्या तोंडून इतके प्रश्न जन्मात ऐकले नव्हते.

आम्ही परत आलो. अश्विनी अमेरिकेला गेली. तात्या आणि क्लेमंट अधूनमधून व्हिडिओवर बोलतात. आमच्याकडे संध्याकाळचा चहा झाला की तिकडं सकाळ असते. तात्या फोन धरून गोठ्यात फिरतात आणि मराठीतून म्हशी दाखवतात, तिकडून क्लेमंट इंग्रजीतून शेळ्या दाखवतो. दोघंही एकाच वेळी बोलतात. आजवर दोघांना काही अडलेलं नाही. तात्यांच्या गच्चीवरच्या सळयाही आता लाल आहेत.

गेल्या महिन्यात मी एकटाच घोटावड्याला गेलो होतो. फेरी झाली. विहीर, मोटर, बटण, पाणी. ओडिशाचा पोरगा आता ओळखीनं चादरीतून हात हलवतो. गच्ची झाली. शेवटी शटर. तात्यांनी ते वर ढकललं. आत सगळं होतं तसंच होतं. फरशा पुसलेल्या, बाकडं पुसलेलं. मी वाट बघत होतो, 'हितं चपला काढत्याल' कधी येतं त्याची. ते आलंच नाही. तात्या आत गेले आणि पेशंटच्या बाकड्यावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"दाजी, बसा की," ते म्हणाले. "बोला काय तरी."

इतकी वर्षं मी ज्या 'मग'ची वाट बघत होतो, ते हे होतं. मी त्यांच्याशेजारी बसलो. बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं, निदान मला तसं वाटायचं. बाहेरून एक कंपनीची गाडी गेली, मग दुसरी गेली. तात्या समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत होते. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं.

मला ते बघवेना.

"तात्या," मी म्हटलं, "तो नळ दाखवा ना. मागच्या वेळी नीट बघायचा राहिला."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मग टोपी डोक्यावर ठेवली, उठले आणि माझा दंड धरला.

"हिकडं या," ते म्हणाले. "ह्यो बघा."